मोतीबिंदू काढला, तरी बाबाले दिसून नाही राहिलं. 'पडदा खराब' म्हणजे काय?

पऱ्हाटीवाला (आर्वी तालुका) | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, इतले दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढून राहिलो. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माह्या बाबाचं वय ६४. शुगर निघाल्याले अकरा वर्षं झाले, बीपी पण आहे. पौषात तालुक्याले मोतीबिंदूचं शिबिर होतं, तिथं डाव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी सोडली तवा बाबा म्हणे, "उजेड वाढला, पण मानसाचं तोंड काही दिसत नाही." आम्हाले वाटलं, येईल हळूहळू. दोन महिने झाले. सातबाऱ्यावरचे आकडे वाचता येत नाही, मोबाइलवर कोणाचा फोन आहे ते समजत नाही. फरदड वेचताना कापसासोबत पाला-पाचोळा सारा झोळीत घेऊन येत होते. मायनं दोनदा चांगलं झापलं, मंग समजलं का त्याईले दिसूनच नाही राहिलं.

परवा संध्याकाळी म्हणाले, "डोळ्यापुढं काळं जाळं उतरलं." दुखणं नाही, लाली नाही, पाणी नाही.

शिबिरातून देल्या कागदावर खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मेडिकलच्या पोट्ट्यानं वाचून सांगतलं का, पडदा खराब आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा असं लिहिलं आहे. आम्हाले तवा तोंडानं कोणी बोललं नव्हतं. आता शेजारचे म्हणतात शिबिरवाल्याईनं डोळा घालवला. मले इतलंच पायजे, हा पडदा म्हणजे काय, शुगरचा त्याच्याशी काय संबंध, अन् दुसरा डोळा तरी वाचंन का?

---

सावजी_रस्सा | शनिवार, रात्री १०:०५

शेजारी बरोबर बोलून राहिले. शिबिरात एका दिवशी चाळीस-पन्नास डोळे काढतात, काय होणार? तक्रार टाका.

---

चष्मेवाले_काका | शनिवार, रात्री ११:२०

पऱ्हाटीवाला भाऊ, बाकी नंतर वाचा. काळं जाळं अचानक उतरलं असेल तर उद्या नाही तर परवा सकाळी पडदा बघणाऱ्या डोळ्याच्या डॉक्टरकडे पोचा. रेटिना तज्ज्ञ असलेला मोठा दवाखाना बघा. आर्वीहून तुम्हाला सेवाग्राम, सावंगी, नाहीतर नागपूर. डोळा चोळू देऊ नका, तोवर जड पोतं उचलू देऊ नका, आणि रात्री झोपताना डोक्याखाली उशी थोडी उंच ठेवा.

मी ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं डोळे तपासले. डॉक्टर नाही, चष्म्याचा नंबर काढणारा आणि शिबिराला पेशंट गोळा करणारा माणूस. म्हणून सावजीभाऊंच्या बोलण्यावर आधी बोलतो. तुमच्या बाबांना न सांगता नुसतं कागदावर लिहून पाठवलं ही चूकच आहे, तिचं समर्थन नाही. पण पडदा शिबिरात खराब झाला असं बहुतेक नसावं. तो आधीपासून खराब होत आलेला होता, आणि मोतीबिंदूमुळे कोणाला आतलं दिसत नव्हतं. खिडकीची काच धुरकट असली की घरातला पसारा बाहेरून दिसत नाही, तसं. हेही सांगतो की शुगर असलेल्या माणसाच्या पडद्यावरची सूज मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाढू शकते. म्हणून आधी पडदा बघून, गरज असल्यास त्याचा इलाज करून मग ऑपरेशन केलेलं बरं. मोतीबिंदू फारच पिकला असेल तर आधी बघता येत नाही, तेव्हा सोनोग्राफी करतात.

आता पडदा. आपण ज्यातून बघतो ती समोरची काच आणि भिंग, आणि ज्यावर चित्र उमटतं तो मागचा पातळ थर म्हणजे पडदा, रेटिना. मोतीबिंदू हा भिंगाचा आजार. भिंग बदलता येतं. पडदा बदलता येत नाही.

तुमच्याकडे संत्र्याला ठिबक आहे का? पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या ठिबकच्या बारीक नळीपेक्षा कितीतरी बारीक, केसापेक्षाही बारीक. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमजोर होतात. कुठे फुगवटे येतात, कुठे पाझर लागतो, कुठे नळी बंदच पडते. पाझरलेलं पाणी पडद्याच्या बरोबर मध्यभागी साचलं की चेहरे आणि अक्षरं जातात, कारण बारीक बघायचं काम तिथलं. त्या जागेला मॅक्युला म्हणतात. बाबा म्हणाले ना, उजेड आहे पण तोंड दिसत नाही. ते वाक्य मी हजार वेळा ऐकलं आहे.

आणि जिथे नळ्या बंद पडल्या तिथला पडदा उपाशी राहतो. उपाशी पडदा रसायन सोडून नवीन नळ्या मागवतो. नळ्या येतात, पण कच्च्या. आपण घाईत जोड मारतो तशा. त्या फुटल्या की डोळ्यातल्या जेलीत रक्त उतरतं. तेच काळं जाळं असू शकतं. पडदा फाटल्यानेही असंच जाळं येतं, म्हणून घरी बसून ठरवायचं नाही. पुढे या कच्च्या नळ्यांभोवती व्रण तयार होतो आणि तो पडद्याला ओढून जागेवरून सोडवतो. तिथवर पोचू द्यायचं नाही.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या एका मोठ्या पाहणीत चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम दिसला, आणि ४ टक्क्यांची नजर धोक्यात होती. म्हणजे सगळ्यांचंच होतं असं नाही. पण कोणाचं होईल ते बाहेरून कळत नाही, आणि दुखत तर अजिबात नाही.

---

पऱ्हाटीवाला | रविवार, सकाळी ६:५०

काका, उद्या पहिल्या गाडीनं निंगतो. एक विचारतो. बीपीची गोळी बाबा रोज घेत नाही. डोकं दुखलं का घेते. त्याचा काही संबंध आहे का? अन् पायावर सूज पण असते संध्याकाळची.

---

चष्मेवाले_काका | रविवार, सकाळी ८:१५

आहे, आणि चांगलाच आहे. बीपी एकटा असला तरी पडद्याच्या नळ्या आकसतात, जिथे धमनी शिरेवरून जाते तिथे ती शिरेला दाबते. १९३९ पासून डॉक्टर पडदा बघून बीपीने किती नासधूस केली याच्या पायऱ्या लावतात. शिरेत गुठळी झाली की एका डोळ्याची नजर रातोरात धूसर होते. धमनीत झाली तर एका मिनिटात अंधार. तो डोळ्याचा पॅरालिसिसच समजा. तेव्हा थेंब टाकत बसायचं नाही, काही तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचायचं, कारण त्याच माणसाला मेंदूचा झटकाही येऊ शकतो.

शुगर आणि बीपी जोडीने असले तर काम आणखी वेगाने बिघडतं. १९९८ चा इंग्लंडमधला मोठा अभ्यास आहे, त्यात ज्या मधुमेहींचा बीपी कडक आटोक्यात ठेवला त्यांच्यात बारीक नळ्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी निघाले. आणि गोळी कोणती, तर साधी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी.

पायाची सूज म्हणालात. किडनीची गाळणी पण तसल्याच बारीक नळ्यांची. पडदा खराब तिथे किडनी तपासायचीच. उद्या क्रिएटिनीन आणि लघवीतली प्रथिनं करून घ्या, तीन महिन्यांची शुगर पण. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात का बाबा?

---

पऱ्हाटीवाला | रविवार, सकाळी ८:३०

खर्रा विचारू नका काका. 😔

---

सातपुड्याची_आशा | रविवार, दुपारी १:१०

मी आशा वर्कर आहे, मेळघाटाच्या पायथ्याशी. आम्ही तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर-बीपी बघतो, पण खरं सांगते, डोळ्याच्या मागे जाऊन बघायला हवं हे मला स्वतःला या धाग्यावर नीट समजलं. आमच्या गावात एक बाई आहे, गरोदर, शुगर लग्नाच्या आधीपासूनची. तिलाही लागू आहे का?

---

चष्मेवाले_काका | रविवार, दुपारी २:००

ताई, तिला सगळ्यात आधी. शुगर आधीपासून असेल तर गरोदरपणात पडद्याचा आजार भराभर वाढू शकतो. पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासून घ्या, मग डॉक्टर सांगतील तसं पुन्हा. फक्त गरोदरपणात निघालेल्या शुगरची गोष्ट वेगळी, तिच्यात हा धोका तसा नसतो.

---

वैनगंगाकाठ (गडचिरोली जिल्हा) | रविवार, रात्री ८:४५

विषय थोडा वळवते, रागवू नका.

माझा लहान भाऊ १९ वर्षांचा. सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे आजार असलेला. आई-बाबा दोघेही एएस, म्हणजे नुसते वाहक. सांधे दुखणं, ॲडमिट होणं, रक्त चढवणं, हे सगळं लहानपणापासून पाहिलं. हायड्रॉक्सियुरियाची गोळी सुरू केल्यापासून बरा आहे. आमच्याकडे शाळेत, आश्रमशाळेत, शिबिरात सिकलसेलबद्दल सांगायला लोक येतात. पाणी भरपूर प्या, फोलिक ॲसिड घ्या, लग्नाआधी तपासणी करा, सगळं सांगतात. डोळ्याचं मात्र आजवर कोणी आम्हाला सांगितलं नाही. मागच्या महिन्यात त्याला कडेकडेला चमकल्यासारखं दिसलं, दोन दिवसांनी गेलं. वाचताना त्रास नाही, क्रिकेट खेळतो. हा पडद्याचा प्रकार असू शकतो का?

---

ओपीडी_क्रमांक_७ | रविवार, रात्री ११:३०

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, सध्या विदर्भाबाहेर असते, माहेर ब्रह्मपुरीचं. काका फार छान सांगत आहेत, म्हणून गप्प वाचत होते. सिकलसेलवर मात्र बोलायलाच हवं.

ताई, हो, असू शकतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. पडद्याचा जो भाग सगळ्यात टोकाला, कडेला असतो, तिथल्या नळ्या आधी बंद पडतात. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही तसं. मधला भाग चांगला राहतो, म्हणून नजर ६/६, म्हणजे पूर्ण येते, मुलगा क्रिकेट खेळतो, आणि आत कडेला नव्या कच्च्या नळ्यांचा पंखा उभा राहत असतो. समुद्रात पंख्यासारखं पोवळं असतं तसा दिसतो, आम्ही त्याला सी फॅनच म्हणतो. फुटेपर्यंत काही कळत नाही. चष्म्याच्या दुकानातला तक्ता वाचला म्हणजे डोळे चांगले, हा समज इथे सगळ्यात घातक.

म्हणून सिकलसेल ग्रस्त मुलांचा पडदा वयाच्या दहाव्या वर्षापासून, बाहुली मोठी करून, अगदी कडेपर्यंत बघायला सुरुवात करायची आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा बघायचा. बऱ्याच पंख्यांना स्वतःहूनही वाळायची सवय असते, ही चांगली बातमी. प्रत्येकाला लेझर लागत नाही. पण तुमच्या भावाला चमक दिसली आहे, तेव्हा त्याला याच आठवड्यात न्या.

आणि एक गोष्ट लिहून कार्डाला टाचून ठेवा, ही एएस वाहकांनाही लागू आहे. डोळ्याला चेंडू, काठी, बैलाचं शिंग, काहीही लागून आत रक्त साचलं, तर डॉक्टरला पहिलं वाक्य "सिकलसेल आहे" हे सांगायचं. एरवी डोळ्याचा दाब उतरवायला आम्ही सर्रास जी एक गोळी देतो, अ‍ॅसिटाझोलामाइड, ती अशा डोळ्यात पेशी आणखी वाकड्या करू शकते. वाहकाला एरवी काही होत नाही म्हणून तो सांगत नाही, आणि डॉक्टर विचारायला विसरतो.

२०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट ठेवलं. रक्त तपासून कार्ड हातात आलं की काम संपलं असं आपल्या लोकांना वाटतं. तिथून डोळ्याचं काम सुरू होतं.

---

वैनगंगाकाठ | सोमवार, सकाळी ७:०५

डॉक्टर ताई, हात जोडते. आज वडसाहून गाडी पकडून नागपूरला घेऊन जाते त्याला.

---

मेहकरचा_मास्तर | सोमवार, दुपारी १२:२०

माझ्या आईला आमवात. बारा वर्षांपासून एचसीक्यूची (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) ४०० ची गोळी रोज. कोरोनात जिची टंचाई झाली होती तीच. कोणीतरी म्हणालं तिने पडदा खराब होतो. आई आता वाळून ४२ किलोची झाली आहे. गोळी बंद करू का?

---

ओपीडी_क्रमांक_७ | सोमवार, दुपारी ३:४०

बंद करू नका. स्वतःच्या मनाने तर नाहीच, सांधे पुन्हा आखडतील. पण हिशेब करा. ही गोळी रोज वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. ४२ किलोला २१० होतात. आई ४०० घेते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सुरू केली तेव्हा त्या साठ-पासष्ट किलोच्या असतील तर तेव्हाही जास्तच होती. वजन उतरलं, गोळी तीच राहिली. हे खूप घरांत होतं.

योग्य मात्रेत पहिल्या दहा वर्षांत धोका २ टक्क्यांच्या आत असतो, वीस वर्षांनंतर मात्र २० टक्क्यांच्या आसपास जातो. किडनी कमजोर असेल तर लवकर. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी तपासणी, आणि नुसती बॅटरी मारून नाही, ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा) आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं त्याची). झालेलं नुकसान परत येत नाही, गोळी थांबवल्यावरही काही काळ वाढू शकतं, म्हणून दिसायला त्रास होण्याआधीच पकडायचं. सांध्यांच्या डॉक्टरला वजन सांगून मात्रा विचारा, याच आठवड्यात. आपल्याकडे हीच गोळी शुगरसाठीही दिली जाते, तेव्हा इथल्या शुगरवाल्यांनीही आपापल्या पाकिटावरचं नाव वाचावं.

---

निसर्गोपचार_घरोघरी | सोमवार, सायंकाळी ५:१५

एवढे घाबरवून सोडू नका लोकांना. आमच्याकडे वनौषधी थेंब आहेत, ४५ दिवसांत पडदा नवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

चष्मेवाले_काका | सोमवार, सायंकाळी ५:३२

थेंब समोरच्या काचेवर पडतात, मागच्या पडद्याचे रोग असल्या थेंबांनी बरे होत नाहीत. झाडपाल्याचा रस डोळ्यात टाकून बुबुळावर फूल पडलेली माणसं मी मोजणं सोडून दिलं आहे. संपादक मंडळी, हे बघा जरा.

---

सातपुड्याची_आशा | सोमवार, रात्री ९:००

अजून एक. आमच्याकडे रातांधळेपणा म्हटलं की पपई, शेवग्याचा पाला आणि अ जीवनसत्त्वाचा डोस. एका घरात दोन भावांना दिवेलागणीनंतर दिसत नाही, डोस देऊन काही फरक नाही. मोठा आता दिवसाही दाराच्या चौकटीला धडकतो.

---

ओपीडी_क्रमांक_७ | सोमवार, रात्री ११:१०

पाला खाऊ द्या, चांगलाच आहे. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारं रातांधळेपण डोस दिल्यावर लवकर सुधारतं. सुधारत नाही, दोन भावांना आहे आणि कडेचं दिसणं कमी होत चाललं आहे, तर आनुवंशिक पडदा-झीज मनात येते, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आईवडील नात्यातले आहेत का विचारा, मामाच्या मुलीशी लग्न वगैरे. आणि दोघांना नीट ऐकू येतं का, हाताला-पायाला जास्तीचं बोट आहे का, लहानपणापासून जाडी आहे का, हेही बघा. काही प्रकारांत पडद्यासोबत कान किंवा किडनीही गुंतलेली असते, आणि किडनीचं वेळेवर कळलं तर तिथे इलाज आहे. बहुतेक प्रकारांत नजर परत आणणारं औषध आज नाही. पण मोठ्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, त्याची चौकशी नक्की करा.

---

पऱ्हाटीवाला | मंगळवार, रात्री १०:५०

काल सेवाग्रामले जाऊन आलो. काल लिहायचं त्राण नव्हतं.

थेंब टाकून टाकून बाहुली मोठी केली, तासभर बसवलं. बाबा म्हणे, "डोळे तपासाले आलो का आंधळं कराले?" सारं भुरकट. तुमच्यापैकी कोणी जाणार असंन तर पेशंटले एकटं पाठवू नका, गाडी तर चालवूच देऊ नका. संध्याकाळलोक उजेड सहन होत नाही.

डाव्या डोळ्यात जेलीत रक्त उतरलं आहे, मधी सूज पण आहे. काकाईनं सांगतलं तेच निघालं. पडदा अजून सुटला नाही म्हणे. या डोळ्यात इंजेक्शन देणार, एक देऊन भागत नाही, महिन्या-महिन्यानं द्यावे लागते. रक्त नाही विरलं तर ऑपरेशन. उजव्या डोळ्यातही कच्च्या नळ्या निंगाल्या, तिथं लेझर. डॉक्टरीणबाईनं मले समोर बसवून साफ सांगतलं का, लेझरनं दिसणं वाढणार नाही, आहे ते टिकवासाठी आहे, रातचं थोडं कमी पण दिसंन. बाबा चूप ऐकत होते. डोळ्यात सुई म्हटल्यावर मात्र उठून उभे झाले. शेजारच्या बाकावर एक बुढी होती पुलगावची, ती म्हणे, "मले चार झाल्या, मुंगी चावल्यासारखं होते, बसा खाली." तवा बसले.

तीन महिन्याची शुगर ९.८. क्रिएटिनीन १.९. बीपी १७०/१००. सारंच जास्त. बाई म्हणाल्या, शुगर एकदम आदळून खाली आणू नका, फिजिशियनच्या सल्ल्यानं हळूहळू आणा. एकदम उतरली तर पडदा काही दिवस आणखी बिघडू शकते.

अकरा वर्षांत बाबा दर महिन्याले शुगरची गोळी आणत होते. मी सोबत जात होतो. पडदा पाहाले पायजे, हे शुगर निघाली त्याच वर्षी कराचं असते अन् मंग दर वर्षी, असं बाईनं सांगतलं. आम्हाले कोणी बोललं नाही, पण मी तरी कुठं विचारलं. फवारणीच्या औषधाचं लेबल मी पुरं वाचतो.

---

सावजी_रस्सा | मंगळवार, रात्री ११:१५

भाऊ, माझं तक्रारीचं बोलणं मागे घेतो, अर्धं. कागदावर लिहून तोंडाने न सांगणं याची तक्रार तरी टाकाच. आणि माझ्या आईलाही शुगर आहे, नऊ वर्षं. घरी बघता येईल असं काही आहे का काका?

---

चष्मेवाले_काका | बुधवार, सकाळी ७:४०

एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन बघायला सांगा. रेषा वाकड्या दिसल्या, मधले आकडे पुसट झाले, तर मॅक्युला बिघडतोय. मग दुसरा डोळा झाकून बघा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाला झाकून घेतो, महिनोन्‌महिने कळत नाही. पण रेषा सरळ दिसल्या म्हणजे पडदा चांगला, असं समजून घरी बसू नका. बाहुली मोठी करूनच बघायचं. नऊ वर्षं झाली आहेत तुमच्या आईला.

पऱ्हाटीवाला भाऊ, इंजेक्शन-लेझर फुले योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. आणि रोजची बीपीची गोळी आता तुमच्या हाताने द्या.

---

वैनगंगाकाठ | बुधवार, दुपारी ४:२५

भावाचा रिपोर्ट आला. दोन्ही डोळ्यांत कडेला नळ्या बंद आहेत, उजव्यात एक छोटा पंखा. रक्त नाही. लेझर सध्या नको, चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. चमक पुन्हा दिसली तर लगेच. माझी धाकटी बहीण एएस आहे, ती कबड्डी खेळते, तिच्या कार्डाला ते वाक्य टाचून ठेवलं.

---

पऱ्हाटीवाला | बुधवार, रात्री ९:१०

ताई, बरं झालं लवकर समजलं.

शुक्रवारी बाबाचं पहिलं इंजेक्शन, शनिवारी लेझर. मधात एक रात आहे. सेवाग्राम-वर्ध्याकडं कोणाले पेशंटसोबतच्या दोन मानसाची राहाची सोय माहीत असंन तर सांगा. माय पण येतो म्हणून राहिली.

---

ओपीडी_क्रमांक_७ | बुधवार, रात्री ९:३०

माझी मावशी वर्ध्यात राहते, स्टेशनपासून जवळ. व्यनि केला आहे, बघा.